आठवड्याचे वीस तास: अर्धवेळ पाळकाचं काम

ज्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चला, पूर्णवेळ पाळकाचा (धर्मगुरूचा) पगार झेपत नाही, तिथे रविवारी उपासना चालवणारा माणूस सोमवार ते शुक्रवार दुसरीकडे नोकरी करत असतो. कोणी शाळेत शिकवतो, कोणी हिशेब लिहितो, कोणी रुग्णालयात रात्रपाळी करतो. ही नव्या काळाची तडजोड नाही. बायबलमधला प्रेषित पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून राहुट्या करायचा (प्रेषितांची कृत्ये १८:३). कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस काम केलं, असं त्याने थेस्सलनीकाकरांना लिहिलं आहे. त्याच पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर चालावी, हा हक्कही ठामपणे मांडला आहे. या कामात शिरताना दोन्ही वचनं जवळ ठेवावीत. अर्धवेळ सेवा म्हणजे मंडळीवर केलेले उपकार नव्हेत आणि बिनपगारी राबणंही नव्हे.

म्हणून सुरुवात कागदाने करावी. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांबरोबर बसून लेखी ठरवावं: आठवड्याचे तास किती, महिन्यातले किती रविवार आपले, वर्षाची रजा किती, रजेत रविवार धरले आहेत की नाहीत, प्रवासखर्च मानधनातच आहे की वेगळा. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण प्रवासखर्च मानधनात मिसळलेला असला की लांब राहणाऱ्या आजारी माणसाची भेट नकळत पुढच्या आठवड्यावर जाते. हा कागद वर्षातून एकदा सगळ्यांसमोर पुन्हा वाचायचा आणि त्या बैठकीची तारीख आजच टाकून ठेवायची. ते केलं नाही तर वीस तासांचे तीस कधी झाले ते कोणालाच समजत नाही, आणि समजतं तेव्हा मनं दुखावलेली असतात.

दुसऱ्या मालकाशीही असंच मोकळं बोलावं. आपण पाळक आहोत, कधीतरी आठवड्याच्या मध्यात दफनविधीसाठी अर्धा दिवस लागेल, तो रजेतून घेऊ, असं रुजू होतानाच सांगितलेलं बरं. ऑफिसच्या वेळेत रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, लिहू नये, मंडळीची पत्रं ऑफिसच्या प्रिंटरवर काढू नयेत. आणि एक नियम मी कधीच सैल करू देणार नाही: पाळकाने मंडळीतल्या लोकांना विमा, जमीन, औषधं, काहीही विकू नये आणि त्यांच्याशी उसनवारी करू नये. पाळकाला नाही म्हणणं लोकांना जड जातं. ज्याला आपण गिऱ्हाईक केलं, तो आपल्याजवळ मन मोकळं करायला पुन्हा येत नाही.

आता वीस तास जातात कुठे? माझ्या हिशेबाने संदेशाच्या तयारीला आठ, रविवारच्या सकाळीला चार, भेटींना चार, बैठका आणि पत्रव्यवहाराला दोन. उरलेले दोन मोकळे ठेवायचे, कारण काहीतरी येतंच. ज्याने वीसच्या वीस तास आधीच भरून टाकले, त्याच्याकडे मरणासन्न माणसापाशी बसायला वेळ कुठून येणार? तो वेळ मग झोपेतून येतो किंवा घरच्यांच्या वाट्यातून.

संदेशाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्धवेळ पाळक सर्वांत जास्त इथे अडखळतो. संदेश शनिवारी रात्री लिहायला बसणं ही सवय एकदा लागली की सुटत नाही. थकलेलं डोकं नवा विचार करत नाही. ते आठवतं तेवढं परत मांडतं, किंवा दुसऱ्याचा तयार संदेश उचलतं. उपाय म्हणजे आठ तास आठवडाभर पसरायचे. सोमवारी सकाळी कामाला निघण्याआधी शास्त्रपाठ, म्हणजे त्या रविवारचा बायबलमधला उतारा, दोनदा मोठ्याने वाचायचा, बस. वीस मिनिटं पुरतात. एकदा वाचलेलं वचन दिवसभर डोक्यात घोळतं, आणि इथे दुसऱ्या नोकरीचा फायदाच होतो: वचन खऱ्या कामाच्या, खऱ्या भांडणांच्या, पगाराच्या चिंतेच्या शेजारी बसतं. जाता-येता सुचलेले प्रश्न वहीत टिपायचे. मंगळवारी अभ्यास: उताऱ्याच्या मागचा आणि पुढचा अध्याय, दोन-तीन भाषांतरं समोरासमोर, आणि सर्वांत शेवटी एखादं भाष्य. भाष्य आधी उघडलं की आपला प्रश्न उगवण्याआधीच मरतो आणि रविवारी मंडळीला भाष्यकाराचं उत्तर ऐकावं लागतं.

बुधवारी एकच काम. संपूर्ण संदेश एका वाक्यात लिहायचा. ते वाक्य जमलं नाही तर गुरुवारी लिहायला बसून उपयोग नाही, कारण मग एका संदेशात तीन संदेश शिरतात. बहुतेक वेळा वाक्य जमत नाही ते उताऱ्याचं नीट वाचन झालेलं नसतं म्हणून, त्यामुळे पुन्हा मंगळवारच्या वहीकडे वळावं. गुरुवारी पूर्ण मसुदा. व्यासपीठावरून सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर-एकशे दहा शब्द जातात, म्हणजे अठरा मिनिटांच्या संदेशाला एकोणीसशे शब्द भरपूर झाले. शुक्रवारी तो उभ्याने, मोठ्याने वाचून कापायचा. जिथे श्वास पुरत नाही ते वाक्य लांब आहे. जिथे आपलंच लक्ष उडतं तो परिच्छेद जायला हवा. शनिवारी फक्त छापायचं.

छापण्याचीही एक रीत आहे. अक्षर सोळा-अठराच्या मापाचं, कागदाची एकच बाजू, आणि मजकूर फक्त वरच्या दोन-तृतीयांश भागात. पानाच्या तळाशी मजकूर असला की हनुवटी छातीला टेकते, आवाज खाली जातो आणि मागच्या बाकांवर ऐकू येत नाही. पानांना नंबर द्यावेत, पण स्टेपल करू नयेत. वाचलेलं पान उलटण्याऐवजी शेजारी सरकवायचं, म्हणजे माइकमध्ये फडफड येत नाही. वाक्य पानाच्या शेवटी तोडू नये.

शास्त्रपाठ दर आठवड्याला नव्याने शोधण्यातही बराच वेळ वाया जातो. ज्या मंडळ्या दर रविवारचे पाठ आधीच ठरवून देणारा वाचनक्रम पाळतात त्यांचं हे काम आधीच झालेलं असतं. १९९२ मध्ये आलेली रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी तीन वर्षांचं चक्र देते: चार शुभवर्तमानांपैकी पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला. दर रविवारी जुन्या करारातला उतारा, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान असे चार पाठ असतात. चारही पाठांवर बोलू पाहणारा माणूस कोणत्याच पाठाला न्याय देत नाही, म्हणून एक निवडावा. वाचनक्रम नसेल तर बायबलमधलं एखादं पुस्तक घेऊन आठ-दहा आठवडे ओळीने चालवावं. गाणी निवडणाऱ्यांना, वाचकांना, रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना ही यादी दोन महिने आधी मिळाली की त्यांचे शुक्रवार रात्रीचे फोन बंद होतात.

रविवारी उपासना दहाला असेल तर साडेआठला दार उघडावं. आधी माइक, बॅटरी बदललेलीच बरी. मग वाचकाचं पान खूण घालून ठेवलं आहे का, गीतांचे क्रमांक वादकाकडच्या कागदाशी जुळतात का, आजाऱ्यांच्या यादीतली नावं बरोबर आहेत का, हे पाहायचं. बरा होऊन समोर बसलेल्या माणसासाठी आजाऱ्यांच्या यादीत प्रार्थना झाली की त्याला वाटतं, आपल्याकडे कोणाचं लक्षच नाही.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी, असेल तर आणखी अर्धा तास लागतो. लहान प्याल्यांच्या नेहमीच्या तबकात चाळीस प्याले बसतात. प्याला दोन-तृतीयांशच भरावा, साधारण सात-आठ मिलिलिटर. काठोकाठ भरला तर थरथरत्या हातातून सांडतो, आणि तबक पुढे देताना शेजारचे प्याले चिकट होतात. या मापाने शंभर माणसांना पाऊण ते एक लिटर द्राक्षरस पुरतो. ओतायला मोठी बाटली वापरू नये, बारीक तोंडाची दाबायची बाटली घ्यावी. तबक टेबलावर ठेवूनच भरावं आणि भरल्यावर झाकण लावावं, कारण गोड रसावर माश्या लगेच येतात. ज्यांना गहू चालत नाही त्यांची भाकर वेगळ्या, झाकलेल्या ताटलीत ठेवायची आणि ती आधी तयार करायची, म्हणजे बोटांना लागलेले गव्हाचे कण तिकडे जात नाहीत. भाकर मोडण्याआधी तिला खालून एक हलकी चीर देऊन ठेवली तर सगळ्यांसमोर ती ओढत बसावी लागत नाही. पांढऱ्या कापडावर डाग पडला तर लगेच गार पाण्यात टाकावं, गरम पाण्याने तो पक्का बसतो. हे सगळं पाळकानेच करायला हवं असं मुळीच नाही. दोन माणसांना शिकवून, रीत कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली की पाळकाला ती अर्धी सकाळ प्रार्थनेला मिळते.

उपासनेनंतर दारात उभं राहून हात मिळवायचे, ती दहा मिनिटं संदेशाइतकीच मोलाची आहेत. लोक तिथे निघता निघता मोठ्या गोष्टी सांगतात. 'पाळकसाहेब, गुरुवारी ऑपरेशन आहे.' 'मुलाची नोकरी गेली.' 'येत्या आठवड्यात ह्यांना जाऊन वर्ष होईल.' मागे रांग असते, पुढचा हात पुढे आलेला असतो, आणि पाचव्या माणसापर्यंत पहिल्याचं वाक्य पुसलं जातं. म्हणून खिशात छोटी वही ठेवावी आणि रांग संपताच, चहापाण्याला जाण्याआधी, तिथेच उभ्या उभ्या लिहून काढावं: नाव, काय, कोणत्या तारखेला. घरी जाऊन लिहू म्हटलं की निम्मं निसटतं. त्याच संध्याकाळी त्या तारखा कॅलेंडरवर चढवायच्या. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आलेला दोन मिनिटांचा फोन माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि तो करायला नोकरीतून रजा लागत नाही.

भेटींचे चार तास म्हणजे आठवड्याला चार-पाच घरं, याहून जास्त नाही. कोणाकडे शेवटचं कधी गेलो याची नोंद ठेवली नाही तर बोलकी माणसं पुन्हा पुन्हा भेटतात आणि गप्प माणसं राहून जातात. रुग्णालयात दहा-पंधरा मिनिटं पुरे. जाताना आणि येताना हात धुवावेत, पलंगावर बसू नये, खुर्ची ओढून डोळ्यांच्या उंचीला यावं. आजार काय, डॉक्टर काय म्हणाले, हे आपण विचारू नये. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. प्रार्थनेआधी 'प्रार्थना करू का, आणि कशासाठी करू?' असं विचारावं. आपण बरं होण्याची प्रार्थना करत असतो आणि त्याला हवी असते घरी राहिलेल्या बायकोची काळजी. आपल्याला सर्दी असेल तर जाऊच नये, फोन करावा. प्रभुभोजन न्यायचं असेल तर गिळता येतं का, हे आधी परिचारिकेला विचारणं आवश्यक आहे. पुष्कळदा भाकरीचा कणभर तुकडा रसात बुडवून दिलेला चालतो. तेही चालत नसेल तर वचन वाचून आशीर्वाद द्यावा, त्यात काही उणं राहत नाही.

एकट्याशी होणाऱ्या गंभीर बोलण्यात पहिल्यांदाच एक गोष्ट स्पष्ट करावी. तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील, पण एखाद्या मुलाला धोका असेल किंवा तुम्ही स्वतःचं बरंवाईट करणार असाल तर मी गप्प बसणार नाही. 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसलं की पुढे ते मोडावं लागतं किंवा कोणाच्या तरी जिवाशी खेळ होतो. लहान मुलांबरोबर बंद खोलीत एकट्याने कधीही बसू नये. दार उघडं, दुसरं मोठं माणूस दिसेल इतक्या अंतरावर. हा नियम मुलांचं रक्षण करतो आणि तो सगळ्यांना लागू असायला हवा, पाळकालाही.

मृत्यूची बातमी आली की त्या आठवड्याचं बाकी सगळं मागे जातं. पहिल्या भेटीत कुटुंबाचं ऐकायचं आणि पुढच्या गोष्टी लिहून घ्यायच्या: पूर्ण नाव आणि घरात ते कसं उच्चारतात, जन्मतारीख, मागे कोण कोण आहे आणि नावांचा क्रम, सगळ्यांना येतील अशी दोन गीतं, कुटुंबातर्फे कोण बोलणार. बोलणारा एकच असावा आणि त्याने लिहून आणलेलं वाचावं, कारण रडू आलं तर तो कागद दुसऱ्याच्या हातात देता येतो. वचनं शोधत बसू नये. तेविसावं स्तोत्र, योहान १४ ची सुरुवात, रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, ही शोकाकुल माणसालाही ओळखीची असतात आणि ओळखीचाच आधार त्या वेळी लागतो.

कबरीपाशी वारा असतो. सुटे कागद नेऊ नयेत. विधीचं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुस्तकाला क्लिप करावं, आणि मृताचं नाव मोठ्या अक्षरात पानाच्या अगदी वर लिहावं. ओळखीच्या माणसाचंही नाव त्या क्षणी ओठांवर येत नाही, आणि कुटुंब त्या नावाचीच वाट बघत असतं. वाक्यं छोटी ठेवावीत, मोकळ्या जागेत लांब वाक्याचं शेपूट ऐकू जात नाही. कडेच्या मातीवर उभं न राहता फळीवर उभं राहावं. शवपेटी खाली जाईपर्यंत बोलू नये, दोर सोडणाऱ्यांना एकमेकांचे शब्द ऐकू यायला हवेत. नंतरची भेट कॅलेंडरवर टाकायची ती तीन तारखांना: आठवड्याने, सहा आठवड्यांनी आणि वर्षाने. सहा आठवड्यांची सर्वांत महत्त्वाची, कारण तोवर बाकी सगळ्यांचं येणंजाणं थांबलेलं असतं.

लग्नाबद्दल थोडंच. लग्न लावण्याचा कायदेशीर अधिकार कोणाला, नोटीस किती दिवस आधी, नोंद कुठे, हे प्रत्येक देशात वेगळं असतं, तेव्हा तारीख देण्याआधी कागद तपासावेत. तालीम एकदा तरी घ्यावी.

फोन हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे. मंडळीसाठी वेगळा नंबर ठेवावा, आणि तातडीचं म्हणजे काय हे मंडळीसमोर सांगावं: मृत्यू, मृत्यूची घरघर, अपघात, स्वतःच्या जिवावर उठलेला माणूस. यासाठी कधीही फोन करा. सभागृहाची किल्ली, गीतपुस्तकांची संख्या, सहलीची बस यांसाठी ठरलेल्या दोन संध्याकाळी. लोक हे पाळतात, फक्त आपण एकदा ऑफिसच्या वेळेत बसचा फोन घेतला की नियम संपला. आपण कामावर असताना तातडीचा फोन कोण उचलणार, याची वडीलजनांमध्ये (मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांमध्ये) पाळी लावून द्यावी. बायबलमधल्या निर्गमाच्या अठराव्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला हेच सांगतो: सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. अर्धवेळ पाळकाने हा अध्याय पंचांबरोबर बसून वाचावा, आणि वाचून झाल्यावर कामांची यादी त्याच टेबलावर वाटावी.

पैसा त्या यादीत पहिला. अर्पण पाळकाने मोजू नये. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी आणि रक्कम शक्य तितक्या लवकर बँकेत जावी. चेकवर पाळकाची सही नको. कोण किती देतो हे मला माहीत नसावं असं माझं ठाम मत आहे, म्हणजे कोणाच्या घरी किती वेळ बसायचं यावर त्या आकड्याची सावली पडत नाही. गरजूंसाठीचा निधी दोघांनी मिळून द्यावा, आणि शक्य असेल तिथे रोख न देता भाडं किंवा औषधाचं बिल थेट भरावं.

वर्षाची रजा नाताळ आणि पवित्र सप्ताह समोर ठेवून मांडावी लागते. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये फिरतो, त्यामुळे नोकरीतली रजा जानेवारीतच मागावी. त्याच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारपासून पुढचे आठ दिवस पाच-सहा उपासना येतात. किमान गुरुवार-शुक्रवार सुट्टी हवी. सगळ्यांत नवे संदेश लिहायचा हट्ट नको. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या दुःखसहनाचं वाचन वेगवेगळ्या आवाजांत झालं तर संदेश पाच मिनिटांचाही पुरतो. त्या सप्ताहानंतरचा रविवार दुसऱ्याकडे सोपवावा, आणि हे त्या माणसाला नाताळातच सांगून ठेवावं.

आठवड्यातला एक पूर्ण दिवस घरचा ठेवावा. पाच दिवस नोकरी आणि रविवार उपासना धरली तर शनिवारच उरतो. म्हणून तर संदेश शुक्रवारी संपायला हवा. याखेरीज दर महिन्यातला एक रविवार मंडळीतल्याच कोणाला तरी व्यासपीठ द्यावं. आधी त्याला शास्त्रपाठ वाचायला द्यायचा, मग प्रार्थना चालवायला, मग पाच मिनिटांचं चिंतन, आणि वर्षभराने पूर्ण संदेश. त्याचा मसुदा गुरुवारी एकत्र वाचायचा. तो बोलत असताना आपण पहिल्या बाकावर बसू नये, नाहीतर तो सबंध वेळ आपल्याकडेच बघतो. मध्ये, लोकांत बसावं. चुका त्याच दिवशी दारात सांगू नयेत. मंगळवारी भेटून आधी काय पोचलं ते सांगावं, मग एकच दुरुस्ती, आणि पुढची तारीख देऊनच उठावं.